यूकॅट (वैद्यकीय प्रवेशाची अभियोग्यता चाचणी)

यूकॅट, अर्थात युनिव्हर्सिटी क्लिनिकल ॲप्टिट्यूड टेस्ट, ही ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांतील वैद्यकीय व दंतवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी संगणकाधारित अभियोग्यता चाचणी आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र वा भौतिकशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयावर या परीक्षेत थेट प्रश्न विचारला जात नाही. उमेदवाराचे वाचन, तर्क, आकडेमोड आणि व्यावसायिक प्रसंगांतील तारतम्य यांची पारख अत्यंत मर्यादित वेळेत केली जाते. ही परीक्षा वर्षातून एकदाच देता येते आणि तिचे गुण केवळ त्याच प्रवेशवर्षापुरते ग्राह्य असतात. त्यामुळे एका सकाळी वा दुपारी मिळालेले गुण उमेदवाराचे पूर्ण वर्ष ठरवितात. परीक्षेच्या पूर्वतयारीला एवढे महत्त्व प्राप्त झाले आहे ते याच कारणामुळे.

इतिहास

वैद्यकीय प्रवेशासाठी अभियोग्यता तपासण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या काळी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिक्षण अर्धवट सोडीत. या गळतीवर उपाय म्हणून १९२८ साली एफ. ए. मॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक अभियोग्यता चाचणी तयार केली. आजची अमेरिकी प्रवेशपरीक्षा एमकॅट ही याच परंपरेतून पुढे आलेली आहे.

ब्रिटनमध्ये २००६ साली वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यालयांच्या एका समूहाने यूकेकॅट या नावाने ही परीक्षा सुरू केली. शालान्त 'ए लेव्हल' परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळविणारे अर्जदार इतके वाढले होते की, केवळ श्रेणींच्या आधारे त्यांच्यात निवड करणे विद्यापीठांना कठीण जात होते. २०१३ साली प्रसंगनिष्ठ निर्णयाचा विभाग गुणदानात समाविष्ट झाला. २०१९ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील विद्यापीठांनी आपली जुनी युमॅट ही परीक्षा बंद करून ही परीक्षा स्वीकारली आणि परीक्षेचे नाव बदलून यूकॅट असे झाले.

ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज या संस्था २००३पासून चालत आलेल्या बीमॅट नावाच्या स्वतंत्र परीक्षेचा आधार घेत असत. बीमॅट २०२३ साली शेवटची घेतली गेली. त्यानंतर २०२५च्या प्रवेशापासून या संस्थाही यूकॅटकडे वळल्या. परिणामी ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय विद्यालयांसाठी ही एकच परीक्षा उरली. दोन वेगळ्या परीक्षांपैकी एकीत अपयश आल्यास दुसरीचा आधार घेण्याची पूर्वीची सोयही त्याबरोबर संपली.

विषयज्ञान आणि अभियोग्यता

विषयज्ञानाच्या परीक्षेत 'काय ठाऊक आहे' हे पाहिले जाते. अभियोग्यता चाचणीत 'समोर आलेल्या माहितीचे काय करता येते' हे पाहिले जाते. भारतातील नीट ही परीक्षा पहिल्या प्रकारची आहे. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांवर एकूण १८० प्रश्न व ७२० गुण असतात. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. यूकॅटमध्ये प्रश्न सोडविण्यासाठी लागणारी सर्व माहिती प्रश्नातच दिलेली असते आणि चुकीच्या उत्तराला गुणवजावट नसते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना या प्रश्नप्रकाराची तोंडओळख शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीतून झालेली असते. भारतातील वैद्यकीय प्रवेशातही हा प्रकार काही काळ होता. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत २०१८ व २०१९ साली अभियोग्यता व तर्कशुद्ध विचार यांवर १० प्रश्न असत. २०२०पासून ती परीक्षा नीटमध्ये विलीन झाली आणि हा विभाग राहिला नाही.

पाठांतराने साध्य होत नाही म्हणून अभियोग्यता चाचणीची तयारीच करता येत नाही, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. प्रश्नांची उत्तरे पाठ करता येत नाहीत हे खरे. मात्र प्रश्नांचे प्रकार मोजके व ठरलेले असतात. ते ओळखीचे झाले की प्रश्न समजून घेण्यात जाणारा वेळ वाचतो आणि तो विचारासाठी उपलब्ध होतो.

परीक्षेची रचना

२०२५पासून परीक्षेत पुढील चार विभाग आहेत. तत्पूर्वी आकृत्यांमधील संगती शोधण्याचा 'अमूर्त तर्क' हा पाचवा विभाग होता, तो त्या वर्षी वगळण्यात आला.

शाब्दिक तर्क : ४४ प्रश्न, २२ मिनिटे.
निर्णयक्षमता : ३५ प्रश्न, ३७ मिनिटे.
संख्यात्मक तर्क : ३६ प्रश्न, २६ मिनिटे.
प्रसंगनिष्ठ निर्णय : ६९ प्रश्न, २६ मिनिटे.

एकूण प्रश्न १८४ असून सूचना वाचण्याच्या वेळेसह परीक्षा जवळपास दोन तास चालते. प्रत्येक विभागाची वेळ स्वतंत्र असते. एका विभागात वाचविलेला वेळ दुसऱ्या विभागात वापरता येत नाही, तसेच वेळ संपलेल्या विभागाकडे परत जाता येत नाही.

वेळेचा हिशेब मांडल्यास परीक्षेचे खरे स्वरूप स्पष्ट होते. शाब्दिक तर्कात प्रत्येक प्रश्नास ३० सेकंद, निर्णयक्षमतेत सुमारे ६३ सेकंद, संख्यात्मक तर्कात सुमारे ४३ सेकंद आणि प्रसंगनिष्ठ निर्णयात सुमारे २३ सेकंद मिळतात. यांतील बहुतेक प्रश्न वेळेचे बंधन नसल्यास हुशार विद्यार्थ्यास सुटण्यासारखे असतात. परीक्षेचा कस वेळेच्या दडपणात आहे.

गुणदान

पहिल्या तीन विभागांत प्रत्येकी ३०० ते ९०० या मापनश्रेणीत गुण दिले जातात. म्हणून एकूण गुण ९०० ते २७०० या दरम्यान असतात. अमूर्त तर्काचा विभाग असताना ही श्रेणी १२०० ते ३६०० अशी होती. जुन्या व नव्या गुणांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. प्रसंगनिष्ठ निर्णयास गुणांऐवजी १ ते ४ असे पट्टे असतात. पहिला पट्टा सर्वोत्तम व चौथा सर्वांत खालचा समजला जातो.

निर्णयक्षमतेतील काही प्रश्नांत पाच विधानांपुढे 'होय' वा 'नाही' असे उत्तर द्यावयाचे असते. अशा प्रश्नांना दोन गुण असून उत्तर अंशतः बरोबर असल्यास एक गुण मिळतो. प्रसंगनिष्ठ निर्णयातही अपेक्षित उत्तराच्या निकटच्या पर्यायास आंशिक गुण मिळतात.

विभागवार पूर्वतयारी

१. शाब्दिक तर्क

या विभागात साधारणतः ११ उतारे असून प्रत्येकावर चार प्रश्न असतात. म्हणजे एका उताऱ्याचे वाचन व त्यावरील चारही प्रश्न यांसाठी मिळून दोन मिनिटे मिळतात. काही प्रश्नांत एखादे विधान उताऱ्याच्या आधारे 'सत्य', 'असत्य' की 'सांगता येत नाही' हे ठरवावयाचे असते. अलीकडच्या वर्षांत तिन्ही गुणांकित विभागांमध्ये सरासरी गुण याच विभागात सर्वांत कमी राहिले आहेत.

प्रश्नाचे स्वरूप पुढील काल्पनिक उताऱ्यावरून लक्षात येईल. 'एका तालुक्यात २०१० साली फिरता दवाखाना सुरू झाला. पुढील पाच वर्षांत तेथील बालकांच्या लसीकरणाचे प्रमाण वाढले. याच काळात तालुक्यात दोन नवे रस्ते पूर्ण झाले.' यावर 'फिरत्या दवाखान्यामुळे लसीकरण वाढले' असे विधान दिल्यास त्याचे उत्तर 'सांगता येत नाही' असे आहे. दोन घटना एकामागून एक घडल्या एवढेच उतारा सांगतो, त्यांच्यातील कार्यकारणसंबंध सांगत नाही. 'त्या पाच वर्षांत लसीकरणाचे प्रमाण घटले' हे विधान मात्र उताऱ्याच्या विरुद्ध असल्यामुळे असत्य ठरते. उताऱ्याशी विरोध असेल तर असत्य आणि उतारा मौन पाळत असेल तर सांगता येत नाही, हा भेद पक्का होणे ही या विभागाची पहिली पायरी आहे.

वाचकाचे स्वतःचे ज्ञान येथे अडचण ठरते. उताऱ्याचा विषय परिचयाचा असल्यास उमेदवार नकळत आपल्या माहितीच्या आधारे उत्तर देतो. उताऱ्यात नसलेली गोष्ट वस्तुतः खरी असली तरीही ती या परीक्षेत 'सत्य' ठरत नाही.

तयारीत प्रामुख्याने पुढील सवयी लावून घेतल्या जातात. प्रश्न आधी वाचावा, त्यातील विशेषनाम, वर्ष वा दुर्मीळ शब्द ध्यानात घ्यावा आणि उताऱ्यात तोच शोधून त्याच्या मागची-पुढची वाक्ये बारकाईने वाचावीत. 'सर्व', 'केवळ', 'नेहमी', 'कधीही नाही' यांसारखे टोकाचे आणि 'काही', 'बहुधा', 'शक्यता आहे' यांसारखे सावध शब्द विधानात व उताऱ्यात सारखेच आहेत का, हे पाहावे. लेखकाचे मत विचारणाऱ्या प्रश्नांत मात्र शब्द शोधून भागत नाही, उताऱ्याचा एकूण रोख समजावा लागतो. त्यासाठी वृत्तपत्रांतील अग्रलेख, विज्ञानविषयक लेख व इतिहासविषयक लेखन यांचे इंग्रजीतील नियमित वाचन काही महिने आधीपासून केलेले उपयोगी पडते.

२. निर्णयक्षमता

या विभागात सहा प्रकारचे प्रश्न येतात : तर्ककोडी, संविधाने (दोन वा अधिक विधानांवरून निघणारे निष्कर्ष), तक्ते व मजकूर यांचे अर्थनिर्णयन, सबळ युक्तिवादाची निवड, व्हेन आकृत्या आणि संभाव्यता.

संविधानाचे एक उदाहरण असे : 'या रुग्णालयातील सर्व शल्यचिकित्सक रात्रपाळी करतात. रात्रपाळी करणाऱ्यांपैकी काही जण वसतिगृहात राहतात.' यावरून 'काही शल्यचिकित्सक वसतिगृहात राहतात' हा निष्कर्ष निघत नाही, कारण वसतिगृहात राहणारे ते काही जण परिचारक वा अन्य कर्मचारी असू शकतात. 'या रुग्णालयात जो रात्रपाळी करीत नाही, तो शल्यचिकित्सक नाही' हा निष्कर्ष मात्र निश्चित निघतो. असे प्रश्न मनातल्या मनात सोडविण्याऐवजी दोन-तीन वर्तुळे काढून सोडविल्यास चुका कमी होतात.

सबळ युक्तिवाद निवडताना स्वतःला कोणता पक्ष पटतो याला महत्त्व नसते. प्रश्नातील सर्व मुद्द्यांना थेट भिडणारा आणि गृहीतकांवर कमीत कमी अवलंबून असणारा युक्तिवाद सबळ मानला जातो.

संभाव्यतेच्या प्रश्नांत टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या मांडणे सोपे जाते. समजा, १००० लोकांपैकी १ टक्का लोकांना एक आजार आहे. एक चाचणी आजारी व्यक्तींपैकी ९० टक्के व्यक्ती ओळखते, परंतु निरोगी व्यक्तींपैकी १० टक्के व्यक्तींनाही चुकून आजारी ठरविते. चाचणीत आजार दिसलेली व्यक्ती खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? येथे आजारी व्यक्ती १० असून त्यांपैकी ९ ओळखल्या जातात. निरोगी ९९० व्यक्तींपैकी ९९ चुकून आजारी ठरतात. म्हणजे आजार दाखविणाऱ्या १०८ निकालांपैकी केवळ ९ खरे आहेत, अर्थात १२ मध्ये १. प्रथमदर्शनी '९० टक्के' असे वाटणारे उत्तर किती फसवे आहे हे यातून दिसते. वैद्यकीय व्यवसायात तपासणीच्या अहवालाचा अर्थ रुग्णाला समजावून सांगताना हाच विचार करावा लागतो.

३. संख्यात्मक तर्क

या विभागातील गणित माध्यमिक शाळेच्या पातळीवरचे असते. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, वेग, क्षेत्रफळ, एककांचे रूपांतर आणि तक्त्यांचे वाचन एवढ्यावरच बहुतेक प्रश्न आधारलेले असतात. पडद्यावर साधा गणकयंत्र उपलब्ध असतो.

उदाहरणार्थ, एका काल्पनिक द्रवौषधाच्या दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध आहे. एका मात्रेचे प्रमाण शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे १५ मिलिग्रॅम असून दिवसातून चार मात्रा द्यावयाच्या आहेत. १६ किलोग्रॅम वजनाच्या बालकास १०० मिलिलिटरची बाटली किती दिवस पुरेल? एक मात्रा १६ गुणिले १५, म्हणजे २४० मिलिग्रॅम, अर्थात १० मिलिलिटर. दिवसाला ४० मिलिलिटर लागतील आणि बाटली अडीच दिवस पुरेल. गणित सोपे आहे, मात्र त्याच्या चार पायऱ्या ४३ सेकंदांत चढावयाच्या आहेत.

अंदाज बांधण्याची सवय येथे वेळ वाचविते. ४,९८० चे १९.६ टक्के किती, असा प्रश्न असून ७७६, ९७६, १,१७६ व १,३७६ असे पर्याय असतील, तर ५,००० चे २० टक्के म्हणजे १,००० आणि उत्तर त्याहून किंचित कमी, एवढ्या विचारावर ९७६ हा पर्याय निश्चित होतो. पाढे, साध्या अपूर्णांकांची टक्केवारी आणि वर्गसंख्या तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्यास गणकयंत्राकडे कमी वेळा वळावे लागते. प्रश्नात मागितलेले एकक आणि तक्त्याखालील टिपा न वाचणे हे या विभागातील चुकांचे नेहमीचे कारण आहे.

४. प्रसंगनिष्ठ निर्णय

या विभागात वैद्यकीय विद्यार्थी, डॉक्टर वा रुग्ण यांच्या संदर्भातील प्रसंग दिलेले असतात. त्यावर सुचविलेली कृती कितपत योग्य आहे किंवा एखादी बाब विचारात घेणे कितपत महत्त्वाचे आहे, हे ठरवावयाचे असते. प्रामाणिकपणा, दुसऱ्याच्या भूमिकेतून पाहण्याची क्षमता, सहकार्यवृत्ती, चिकाटी आणि जुळवून घेण्याची तयारी हे गुण यातून पाहिले जातात.

एक प्रसंग असा : वर्गमित्राने रुग्णाच्या जखमेचे छायाचित्र मित्रांच्या समाजमाध्यमगटावर टाकले आहे, त्यात रुग्णाचे नाव नाही. 'मित्रास एकांतात गाठून छायाचित्र तत्काळ काढण्यास सांगणे' ही योग्य कृती आहे. 'नाव नसल्यामुळे दुर्लक्ष करणे' ही अत्यंत अयोग्य कृती आहे, कारण रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग नावाच्या अभावी टळत नाही.

प्रत्येक कृतीचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावयाचे असते. ती कृती सर्वोत्तम आहे का, असा प्रश्न नसतो. म्हणून एकाच प्रसंगातील दोन वा तीन कृती योग्य असू शकतात. पूर्वतयारीसाठी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांच्या आचरणाविषयीची मार्गदर्शिका वाचण्याची शिफारस केली जाते. रुग्णाची सुरक्षितता प्रथम, गोपनीयता अबाधित, स्वतःच्या अधिकाराची व कौशल्याची मर्यादा ओळखणे आणि शंका आल्यास वरिष्ठांना वेळीच सांगणे ही तिच्यातील सूत्रे बहुतेक प्रसंगांत लागू पडतात. भारतीय विद्यार्थ्यांना येथे एक सांस्कृतिक फरक जाणवतो. वडीलधाऱ्यांची वा वरिष्ठांची चूक दाखवू नये, हा आपल्याकडील संस्कार रुग्णाच्या सुरक्षिततेच्या प्रसंगी या परीक्षेत अपेक्षित उत्तराच्या विरुद्ध जातो.

सरावाचे नियोजन

तयारीसाठी सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवड्यांचा नियमित सराव पुरेसा मानला जातो. तो तीन टप्प्यांत विभागता येतो.

पहिल्या टप्प्यात वेळेचे बंधन न ठेवता प्रश्नप्रकार समजून घेतले जातात. या टप्प्यात घाई केल्यास चुकीच्या पद्धतीच अंगवळणी पडतात. दुसऱ्या टप्प्यात एकेका विभागाचा सराव घड्याळ लावून केला जातो. तिसऱ्या टप्प्यात चारही विभागांची पूर्ण चाचणी सलग, मध्ये न उठता, शक्यतो प्रत्यक्ष परीक्षेच्याच वेळेला दिली जाते.

सोडविलेल्या प्रश्नांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तपासणीला अधिक मोल आहे. प्रत्येक चाचणीनंतर चुकलेला प्रश्न कोणत्या कारणाने चुकला याची नोंद एका वहीत ठेवल्यास काही दिवसांतच चुकांची रीत दिसू लागते. एखाद्याच्या बहुतेक चुका तर्काच्या नसून वाचनाच्या असतात, तर एखाद्याचे शेवटचे आठ-दहा प्रश्न वेळेअभावी राहून गेलेले असतात. पहिल्याला सावकाश वाचण्याची आणि दुसऱ्याला कठीण प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय लावावी लागते. केवळ एकूण गुण पाहून हा भेद कळत नाही.

गुणवजावट नसल्यामुळे एकही प्रश्न अनुत्तरित ठेवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. न सुटणाऱ्या प्रश्नास अंदाजे उत्तर द्यावे, खूण करावी आणि वेळ उरल्यास परत यावे. प्रश्नास खूण करण्याची सोय संगणकावर असते. कळफलकावरील जोडकळांनी पुढे-मागे जाण्याचा सराव केल्यास प्रत्येक प्रश्नामागे क्षण-दोन क्षण वाचतात.

परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रश्नसंच, मार्गदर्शन आणि पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्यक्ष परीक्षेचा पडदा, गणकयंत्र आणि प्रश्नांची पातळी यांच्याशी या चाचण्यांचे साम्य सर्वाधिक असल्याने त्यांतील काही शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवणे इष्ट ठरते. परीक्षा घेणाऱ्या समूहाचा कोणत्याही खाजगी शिकवणीवर्गाशी संबंध नाही.

परीक्षेचा दिवस

ब्रिटनमधील प्रवेशासाठी परीक्षा जुलै ते सप्टेंबर या काळात पिअर्सन व्ह्यू या संस्थेच्या केंद्रांवर होते. ओळखपत्रावरील नाव नोंदणीतील नावाशी जुळणे बंधनकारक असते. भारतीय उमेदवारांच्या बाबतीत वडिलांचे नाव वा आडनाव लिहिण्याच्या पद्धतीमुळे येथे तफावत पडू शकते, म्हणून नोंदणी करताना पारपत्रावरील नाव जसेच्या तसे लिहावे. कच्च्या लेखनासाठी केंद्रावर पुसता येणारी पाटी व लेखणी मिळते. सरावाच्या वेळीही कागदाऐवजी तशीच पाटी वापरल्यास परीक्षेत अडखळायला होत नाही. वाचनदोष वा तत्सम अडचण असलेल्या उमेदवारांस योग्य पुरावा सादर केल्यावर २५ टक्के जादा वेळेची सोय मिळू शकते.

निकालाचा उपयोग

निकाल साधारणतः २४ तासांत उमेदवारास कळतो. ब्रिटनमध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी केंद्रीय प्रवेशयंत्रणेकडे १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज करावा लागतो आणि जास्तीत जास्त चार विद्यालये निवडता येतात. म्हणजे विद्यालयांची निवड करताना उमेदवारास आपले गुण ठाऊक असतात.

प्रत्येक विद्यालय या गुणांचा उपयोग वेगळ्या रीतीने करते. काही विद्यालये किमान गुणांची रेषा आखतात, काही अर्जदारांची गुणानुक्रमे यादी करून वरच्यांना मुलाखतीस बोलावतात, तर काही शालेय गुणांबरोबर या गुणांना ठरावीक भार देतात. काही विद्यालये प्रसंगनिष्ठ निर्णयात चौथा पट्टा मिळालेल्यांचा विचार करीत नाहीत. मध्यम गुण मिळालेल्या उमेदवाराने गुणानुक्रमावर भर देणाऱ्या चार विद्यालयांकडे अर्ज केल्यास मुलाखतीचे एकही बोलावणे न येता वर्ष वाया जाण्याचा धोका असतो. तेच गुण घेऊन शालेय यशाला अधिक वजन देणाऱ्या विद्यालयांकडे गेल्यास संधी टिकून राहते. म्हणून प्रत्येक विद्यालयाचे त्या वर्षीचे निवडीचे निकष वाचणे हा पूर्वतयारीचाच भाग समजला पाहिजे.

समतेचा प्रश्न

शालेय गुणांवर शाळेच्या दर्जाचा व घरच्या परिस्थितीचा प्रभाव पडतो. अभियोग्यता चाचणीने हा प्रभाव कमी व्हावा अशी अपेक्षा होती. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या विद्यालयांनी या परीक्षेला निवडीत अधिक महत्त्व दिले तेथे काही वंचित गटांतील अर्जदारांना प्रवेश मिळण्यातील तोटा कमी झाल्याचे आढळले. हा लाभ सर्वच गटांना झाला नाही, हेही त्याच अभ्यासाने नोंदविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १२ वैद्यकीय विद्यालयांच्या संयुक्त अभ्यासात या परीक्षेचे गुण आणि पहिल्या वर्षातील यश यांच्यात संबंध दिसला, पण तो माफक होता.

दुसऱ्या बाजूला, सशुल्क शिकवण्या, प्रश्नसंच व निवासी शिबिरे यांचा व्यवसाय या परीक्षेभोवती वाढला आहे. ज्यांना तो परवडतो त्यांना अधिक सराव मिळतो, अशी टीका होते. ब्रिटनमधील अल्प उत्पन्न गटांतील अर्जदारांना परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याची योजना आहे. तथापि शुल्क माफ झाल्याने शांत अभ्यासाची जागा, स्वतःचा संगणक किंवा मार्गदर्शन करणारे शिक्षक मिळतातच असे नाही. परीक्षा संगणकावरील वेगाची असल्याने ज्या घरात एकच भ्रमणध्वनी सर्वांना वापरावा लागतो, तेथील विद्यार्थ्याला शाळेच्या वा सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकावर नियमित वेळ मिळवून देणे हीच सर्वांत मोठी मदत ठरते.

चांगला डॉक्टर होण्यासाठी लागणारी करुणा, श्रवणाची तयारी आणि दीर्घकाळ कष्ट करण्याची वृत्ती दोन तासांच्या चाचणीत मोजता येत नाही, हा आक्षेपही घेतला जातो. विद्यालये या परीक्षेनंतर मुलाखती घेतात, त्या याच कारणासाठी.

भारतीय विद्यार्थी

यूकॅट केवळ इंग्रजीत होते. नीट मराठीसह अनेक भारतीय भाषांत देता येते, तशी सोय येथे नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी शाब्दिक तर्क हा वाचनवेगाचीही परीक्षा ठरतो आणि तयारीस अधिक अवधी लागतो.

इंग्लंडमधील वैद्यकीय जागांपैकी सुमारे ७.५ टक्के जागाच परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्यांच्यासाठीचे शिक्षणशुल्क स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्काच्या कित्येक पट असते. शिवाय परदेशात पदवी घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या भारतीय नागरिकांना २०१८पासून नीटमध्येही पात्र ठरावे लागते. यूकॅट देणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने याच कारणास्तव नीटचा मार्ग बंद न करणे हितावह असते. मे महिन्याच्या आसपास होणारी नीट आणि जुलैनंतरची यूकॅट यांच्यामधील आठवडे अभियोग्यतेच्या सरावासाठी वापरता येतात.

तत्सम परीक्षा

अमेरिका व कॅनडातील एमकॅट ही पदवीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशासाठीची परीक्षा असून तिच्यात विज्ञानविषयांबरोबर चिकित्सक वाचनाचा स्वतंत्र विभाग असतो. गॅमसॅट ही परीक्षा ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व आयर्लंडमधील पदवीधरांच्या वैद्यकीय प्रवेशासाठी घेतली जाते. आयर्लंडमध्ये शालान्त विद्यार्थ्यांसाठी एचपॅट आणि जर्मनीत टीएमएस या अभियोग्यता चाचण्या प्रचलित आहेत.

हे सुद्धा पहा

राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा (नीट)
अभियोग्यता चाचणी
व्हेन आकृती
वैद्यकीय नीतिशास्त्र